अ‍ॅम्प रिपेअरला टाकताय? आतला 'टक्' आवाज आधी ऐकून ठेवा

जरा लांबण लागेल पण वाचा, कारण जुने जपानी स्टिरिओ अ‍ॅम्प अजून बऱ्याच घरांत आहेत आणि गणपतीच्या तोंडावर ते रिपेअरला जातातच.

आमचा अ‍ॅम्प काकांनी मस्कतहून आणलेला, एकट्याने उचलायचा म्हणजे कंबर धरते असलं धूड. तक्रार एवढीच होती की आवाज बारीक ठेवला की डावा स्पीकर मधेच गप्प व्हायचा आणि व्हॉल्यूम वर नेला की परत बोलायला लागायचा. पुण्यात पेठेतल्या एका रिपेअरवाल्याकडे दिला. त्याने झाकण उघडून मीटर लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "साहेब, आउटपुट गेलंय, चारही ट्रान्झिस्टर बदलावे लागतील, ओरिजिनल टाकतो, सहा महिने बघायला नको." आउटपुट म्हणजे स्पीकरला ताकद देणारे मोठे ट्रान्झिस्टर. ४८०० रुपये घेतले, बिलाच्या नावाने कोऱ्या कागदावर आकडा आणि सही.

घरी आणून लावला तर दोन्ही बाजू खणखणीत. पण आधी स्विच ऑन केल्यावर तीन-चार सेकंदांनी आतून 'टक्' व्हायचं आणि मग आवाज यायचा, ते टक् गायब, उलट ऑन केल्या केल्या स्पीकरमधून 'ढप्प'. फोन केला तर साहेबांचं उत्तर, "जुनं सर्किट होतं ते, डायरेक्ट करून दिलंय, आता थांबायला नको." वर हे त्याने फुकटात केलंय असा सूर!

गणपतीत आरतीला आवाज जरा मोकळा सोडला आणि दुसरं कडवं सुरू होतंय तोवर डावीकडून घर्रर्र, जळका वास, फ्यूज उडाला. अ‍ॅम्प बंद आणि डाव्या स्पीकरच्या वूफरची कॉइलही जळाली.

मग इलेक्ट्रॉनिक्समधल्या मित्राला बोलावलं. त्याने उघडलं आणि आधी हसलाच. स्पीकरच्या रिलेला (ऑन केल्यावर थोडं थांबून स्पीकर जोडणारा आतला स्विच, तो 'टक्' त्याचाच) वायरचा तुकडा मारून बायपास केलेलं. मूळ बिघाड तिथेच होता हो! रिलेचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षांत काळे पडतात, बारीक सिग्नल त्यातून नीट जात नाही, व्हॉल्यूम वाढवला की जातो, म्हणून स्पीकर गप्प होऊन परत येतो. नवीन रिले शे-दोनशे रुपयांत येतो. आणि हा रिले काही शोभेचा नसतो, आउटपुट ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर चाळीस-पन्नास व्होल्टचं सरळ डीसी (बॅटरीसारखा एकाच दिशेचा करंट) स्पीकरवर येतं, तेव्हा हाच मधे तोडतो. आमच्याकडे तोडायला कोणी उरलंच नव्हतं.

आता चीड आणणारी गोष्ट. आउटपुट ट्रान्झिस्टर खरंच शॉर्ट असते तर फ्यूज उडाला असता, नाहीतर रिलेने टक् केलंच नसतं, गाणी वाजायचा प्रश्नच नव्हता. म्हणजे आमचे चांगले होते. भाच्याने मागे धूळ साफ करताना आतले फोटो काढले होते, त्यात सांकेन कंपनीचे २एससी२९२२ आणि २एसए१२१६ नंबरचे ट्रान्झिस्टर स्पष्ट दिसतात. आता बसवलेल्यांवर नंबर तेच, पण छपाई चकचकीत आणि थिनरच्या बोळ्याने पुसली तर बोळ्यावर उतरली. जळालेला एक पकडीने फोडला तर आतली चिप मुगाच्या डाळीएवढी, २०० वॉटचा ट्रान्झिस्टर म्हणे! ओरिजिनल काढून घेतले, डुप्लिकेट चिकटवले आणि वर त्याचेच पैसे आमच्याकडून. असल्या जुन्या जोड्यांना मागणी असते, त्या कुठे गेल्या असतील ते सांगायला नको.

फोटो घेऊन दुकानात गेलो. जुने पार्ट मागितले तर "भंगारात गेले". रिलेचं विचारलं तर "तुम्ही बाहेर उघडलात, आता गॅरंटी नाही". १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, तिथे तक्रार टाकतोय, पण त्या चिठ्ठीवर दुकानाचं नावसुद्धा नाही, त्यामुळे फार आशा नाही.

तुमच्याकडे एक बाजू अशी येत-जात असेल तर आधी मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा (अ‍ॅम्प बंद करून). बिघाड दुसऱ्या स्पीकरवर गेला तर अ‍ॅम्पमध्ये किंवा त्याला गाणी देणाऱ्या प्लेअर-केबलमध्ये आहे, त्याच स्पीकरवर राहिला तर स्पीकर किंवा वायर बघा. झाकण स्वतः उघडू नका, प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. दुकानात मात्र ते तुमच्यासमोर उघडायला लावा, आतल्या पार्टचे नंबर दिसतील असे फोटो काढा, आणि काढलेले पार्ट परत हवेत हे पैसे ठरवतानाच बोला. नुसतं एवढं म्हटलं की काही जणांचं "चारही बदलावे लागतील" हे "एकदा चेक करून सांगतो" वर येतं, हे नंतर दुसऱ्या दुकानात बघितलं.

सध्या रिले नवीन बसवलाय, वूफर कॉइल भरायला दिलाय. ट्रान्झिस्टर मात्र अडलेत, दुकानात कोणी "ओरिजिनल" म्हणून हातात ठेवलं तरी आता विश्वास बसत नाही. कोणाकडे या जोडीचा बंद पडलेला अ‍ॅम्प माळ्यावर पडून असेल तर सांगा, योग्य किंमत देऊन घेऊन जातो.