थंड पाण्यातलं पहिलं बुडालेलं जहाज: स्कापा फ्लो की टोबरमोरी?

मालवण-गोव्याकडे डायव्हिंग शिकलेल्यांना गढूळ पाण्याची सवय असते, थंडीची नसते. लंडन किंवा टोरोंटोला स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींपुढे मग दोन नावं येतात: स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांतलं स्कापा फ्लो हे नैसर्गिक बंदर आणि कॅनडात ह्युरॉन सरोवराकाठचं टोबरमोरी.

स्कापा फ्लोत माणूस इतिहासासाठी उतरतो. पहिल्या महायुद्धानंतर तिथे अडकवून ठेवलेला जर्मन ताफा अॅडमिरल लुडविग फॉन रॉयटरने 21 जून 1919 रोजी स्वतःच बुडवला. 74 पैकी 52 जहाजं तळाला गेली. बरीचशी पुढे भंगारात निघाली, पण तीन युद्धनौका आणि चार क्रूझर अजून तिथेच आहेत.

जहाज अख्खं दिसेल या आशेने मात्र जाऊ नका. नजर पाच-सात मीटरच पोचत असेल, तर त्यातली 175 मीटर लांबीची युद्धनौका ‘मार्कग्राफ’ डोळ्यांत मावणार कशी? दोर धरून हिरवट अंधारात उतरत राहायचं. मग टॉर्चच्या उजेडात एकदम गंजलेली पोलादी भिंत समोर येते. जड तोफांमुळे या युद्धनौका बुडताना उलटल्या, त्यामुळे आपण बघतो ते त्यांचं पोट. कडेच्या खाली डोकावलं की तोफांचा भाग सापडतो. पाय जरा जोरात मारला की गाळ उठतो आणि सोबत्याचा दिवाही दिसेनासा होतो. पाणी 6 ते 14 अंश. बहुतेक अवशेष 25 ते 45 मीटरवर, म्हणजे नुसत्या ओपन वॉटर या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रावर जमणार नाही. ‘रॉयल ओक’ ही 1939 साली बुडालेली ब्रिटिश युद्धनौका याच पाण्यात आहे. ती आठशेहून अधिक माणसांची कबर आहे, तिथे डायव्हिंगला बंदी आहे, आणि ते योग्यच आहे.

टोबरमोरीचं पाणी बहुधा नितळ असतं. गोड्या पाण्यात लाकूड पोखरणारे समुद्री किडे नसल्यामुळे लाकडी जहाजं टिकली आहेत. 1885 साली बुडालेलं ‘स्वीपस्टेक्स’ तर जेमतेम 6 मीटरवर आहे. थंडी मात्र इथे जास्त. भर उन्हाळ्यातही वरचा कोमट थर ओलांडला की गालांना सुया टोचतात, खोलवर पाणी 4-5 अंशांवर येतं. ‘अरेबिया’ तेहतीसेक मीटरवर आहे, ते नंतरसाठी ठेवा.

दोन्हीकडे ड्राय सूट, म्हणजे अंगाला पाणी लागू न देणारा, आत हवा राहणारा पोशाख घ्याच, आणि तो आधी तलावात वापरून बघा. फुगलेल्या सुटाने पाय वर, डोकं खाली झालं तर काय करायचं, हे अंगवळणी पडलेलं हवं. रेग्युलेटर, म्हणजे टाकीतली हवा तोंडाशी आणणारं साधन, थंड पाण्यासाठीचाच हवा. साधा गोठला तर हवा सुसाट सुटून टाकी बघता बघता रिकामी होते.

तिसाच्या आत डाइव्ह झाले असतील तर बिनदिक्कत टोबरमोरी. टोरोंटोहून गाडीने चारेक तास. हात बसलेला असेल तर मी स्कापाच सांगेन, ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात, पाणी त्यातल्या त्यात उबदार असताना. सुरुवात ‘कार्ल्सरूह’ या क्रूझरने करा. तिथे उरलेल्या सात जर्मन जहाजांत तीच सर्वांत उथळ पाण्यात आहे.