ड्यूई की रॉर्टी: कुणावर चिडणं परवडतं?
फलप्रामाण्यवाद (प्रॅग्मॅटिझम, म्हणजे कल्पनेची किंमत तिच्या व्यवहारातल्या परिणामांवरून ठरवणारा विचार) शिकताना जॉन ड्यूई आणि रिचर्ड रॉर्टी या दोन्ही अमेरिकी तत्त्वज्ञांचा वैताग येतो. कारणं मात्र वेगळी.

ड्यूईचं गद्य रुक्ष, पण ते चालवून घेता येतं. खरी अडचण अशी की, माणसं एकत्र बसून, अनुभव वाटून घेऊन प्रश्न सोडवतील हे तो धरूनच चालतो. ज्याला पंगतीलाच बसू दिलं जात नाही त्याचं काय? लोकशाही ही आधी सहजीवनाची रीत आहे, हे त्याने १९१६ साली मांडलं. कोलंबिया विद्यापीठात त्याच्याकडे शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त तीच कल्पना थेट जातिव्यवस्थेवर रोखली आणि शास्त्रांच्या अधिकारालाच हात घातला. ड्यूईकडे हा सत्तेचा प्रश्न पुसट राहतो. तरी त्याच्याशी भांडायला जागा आहे, म्हणून मी सुरुवात त्याच्यापासूनच करायला सांगेन.

रॉर्टी वाचायला झकास (परीक्षेच्या उत्तरात तर फारच शोभतो). पण उदारमतवादाला तात्त्विक पाया नाही आणि तो लागतही नाही, असं सांगून गडी त्याच उदारमतवादात निवांत राहतो. १९८३ च्या निबंधात आपल्या भूमिकेला त्याने ‘उत्तराधुनिक बूर्झ्वा उदारमतवाद’ असं नावच दिलं! प्रामाणिकपणा मान्य, पण पायाच नाही म्हटल्यावर हल्ला करायचा कशावर? धर्म खासगीत ठेवावा, हा आपला आधीचा आग्रह मात्र त्याने २००३ मध्ये थोडा सैल केला.