गावभागातले प्रुफवाले सर: पैसे मोजून टीका ऐकावी का?

सांगलीत एक निवृत्त मुद्रितशोधक पैसे घेऊन हस्तलिखितं वाचून देतात. त्यांच्याकडे जावं का, असं आमच्या लिहित्या मंडळींपैकी कुणी ना कुणी मला विचारतच असतं. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा इथेच लिहून टाकते. जावं. मात्र कौतुक ऐकायला जाणार असाल तर त्याच पैशांचं भडंग घ्या, जास्त दिवस पुरेल.

नाव कुठे छापायचं नाही अशी त्यांची अट आहे. पाटीही नाही. गावभागात शिरून ‘प्रुफवाले सर’ विचारलं की कुणीतरी जुन्या वाड्याचा जिना दाखवतं. जिना अंधारा आणि उभा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. सर पूर्वी तळमजल्यावर बसायचे. २०१९ च्या महापुरात गावभागात पाणी शिरलं, तेव्हा लोकांची बाडं कशीबशी वर नेली, ती आणि सर दोघेही वरच राहिले.

दर असा: १०० पानांपर्यंत १,२०० रुपये, पुढे दर पानाला १० रुपये. कागद छापील हवा, एका बाजूला मजकूर, दोन ओळींत भरपूर अंतर. व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवली तर उघडतसुद्धा नाहीत. पावती मिळत नाही. महिनाभर म्हणतात आणि त्याहून जास्त लावतात.

आता त्या बदल्यात काय मिळतं ते. बाड परत येतं तेव्हा समासात शिसपेन्सिलीच्या बारीक खुणा असतात. शुद्धलेखनाच्या असतातच, पण खरी किंमत आहे ती दुसऱ्या खुणेची. वाचताना जिथे त्यांनी कागद खाली ठेवला तिथे ते आडवी रेघ मारतात आणि शेजारी लिहितात: ‘इथे उठलो.’ कधी ‘इथे उठलो, चहा’, कधी ‘इथे उठलो, उद्या बघू’. माझ्या दीर्घकथेत पान ६ ते ११ मध्ये अशा रेघा इतक्या जवळजवळ होत्या की बाडासोबत आलेला त्यांचा लेखी अहवाल वाचायची गरजच उरली नाही. याउलट शेवटच्या वीसेक पानांत एकही रेघ नव्हती. त्याबद्दल त्यांनी अहवालात एक अक्षर लिहिलेलं नाही. सरांकडून मिळणारं कौतुक ते एवढंच, आणि तेही रेघ नाही हे आपल्या लक्षात आलं तर.

मग अर्ध्या तासाची बैठक असते. मी तासगावच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब बघते, त्यामुळे माझ्या कथांत बेदाणा येतोच. कथेत माल शेडवर वाळत असताना अवकाळी येतो आणि घरातली सगळी माणसं धावत सुटतात, असा प्रसंग आहे. सरांनी तिथे लिहिलं होतं, ‘शेडला छप्पर असताना एवढी धांदल कशाला? प्रसंग काढावा.’ मी म्हटलं, “सर, शेड चारी बाजूंनी उघडी असते. वारं खेळलं नाही तर माल वाळणार कसा? आडवा पाऊस आत येतो, दमट हवेने बेदाणा काळा पडतो आणि भाव पडतो.” त्यांनी चष्मा वर केला. “होय की. पण ताई, हे तुम्ही मला आत्ता सांगताय. पान १४ वर कुठंय?”

नव्हतं. प्रसंग मी काढला नाही, शेडच्या उघड्या बाजूंची दोन वाक्यं आधी घातली. सरांनी सुचवलेला उपाय चुकला होता, पण बोट बरोबर जागेवर ठेवलं होतं. दुसऱ्या वाचनाला (त्याचे अर्धेच पैसे घेतात) तिथे रेघ आली नाही. उपाय ऐकला नाही म्हणून ते रुसलेही नाहीत. नाहीतर आपल्याकडे सल्ला मोडला की मार्गदर्शक पुढच्या कार्यक्रमात ओळख दाखवत नाहीत.

‘साभार परत’ आलेल्या कथाही ते बघतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. त्यांनी स्वतः बऱ्याच दिवाळी अंकांची प्रुफं वाचली आहेत, त्यामुळे आतलं गणित त्यांना पाठ आहे. जाहिराती किती आल्या त्यावर अंकाची पानं ठरतात. शेवटच्या क्षणी पूर्ण पानाची जाहिरात आली की एखादी कथा बाहेर जाते, आणि जाते ती बहुधा नवख्याची. एकाच विषयावरच्या दोन कथा आल्या तर एकच लागते. तेव्हा कारण न देता आलेल्या नकारातून कारण उकरत बसू नका, असं त्यांचं म्हणणं. ‘मनोरंजन’ मासिकाने १९०९ मध्ये मराठीतला पहिला दिवाळी अंक काढला. संपादकाला कारण लिहायला सवड नसण्याची परंपराही बहुधा तेव्हापासूनचीच असावी. सर फक्त विचारतात, “पाठवण्याआधी त्या मासिकाचा एक तरी अंक वाचला होता का?” बहुतेक जण इथे खाली बघतात.

मी गेले त्या दिवशी आधीच्या एका गृहस्थांचं चाललं होतं. कथा चार ठिकाणांहून परत आलेली. ते तावातावाने म्हणाले, “मर्ढेकरांवरसुद्धा खटला झाला होता!” झाला होताच. १९४७ च्या ‘काही कविता’वर अश्लीलतेचा खटला भरला गेला आणि कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं मर्ढे हे त्यांचं मूळ गाव, त्यामुळे आमच्याकडे हा दाखला जरा लवकरच निघतो. सर शांतपणे म्हणाले, “त्यांच्या कविता लोकांनी वाचल्या म्हणून खटला झाला. तुमची कथा मी सोडून कुणी शेवटपर्यंत वाचली का, ते आधी बघू.” गृहस्थ पैसे देऊन गेले. पुन्हा आले का ते माहीत नाही.

छापून आल्यानंतरच्या परीक्षणांसाठी सर एक वही करायला लावतात. रकाने चार: कोण म्हणालं, कोणत्या पानाबद्दल, काय म्हणालं, आपण काय केलं. दुसरा रकाना रिकामा राहिला तर अख्खी ओळ खोडायची. एका वृत्तपत्रात माझ्या कथेला ‘पाल्हाळिक’ म्हटलं होतं, कुठे ते सांगितलं नव्हतं. ती ओळ खोडताना बरं वाटलं. मग ग्रुपवरचे ‘अप्रतिम’, ‘निःशब्द’, ‘डोळ्यांत पाणी आलं ताई’ यांची पाळी आली. त्यांतल्या एकालाही पान नव्हतं. सर समोर बसून खोडायला लावत होते. माझ्या मावशीची ओळ खोडताना मात्र हात अडला.

परीक्षकाला उत्तर लिहायला त्यांची बंदी आहे. नाव, प्रकाशन, साल असं काही चुकीचं छापलं असेल तरच दोन ओळींचं पत्र. मला हे पटतं. तासगावच्या सौद्यात व्यापारी बेदाणा मुठीत घेतो, एक दाणा तोंडात टाकतो, ‘रंग नाही’ म्हणून पुढे जातो. शेतकरी मनातल्या मनात शिव्या देतो, पण रंग कशाने गेला ते शेडवर जाऊनच बघतो.

या सगळ्याच्या शेजारी बाजारात काय मिळतं तेही सांगते. एका प्रकाशकाने माझी कथा दोन दिवसांत ‘स्वीकारली’ होती, पाठोपाठ ४०,००० रुपयांचा आकडा आला. वर ‘चांगलं परीक्षण छापून आणू’ हेही पॅकेजमध्ये. कथेतलं एक तरी पात्र आठवतं का विचारल्यावर फोन रेंजबाहेर गेला. त्यापुढे १,२०० रुपयांत शेवटच्या पानापर्यंत वाचणारा माणूस महाग नाही.

खोटही आहे. सरांचं वाचन कथा-कादंबरीचं, तेही जुन्या वळणाचं. निवेदन मागेपुढे उड्या मारू लागलं की त्यांच्या रेघा वाढतात, तिथे त्यांचं किती ऐकायचं ते आपलं आपण ठरवावं. ग्रामीण बोलीतले संवाद ते प्रमाण करू बघतात, मी ते एकही मान्य केलं नाही. धीर देणं वगैरे त्यांना जमत नाही. नुकताच नकार आला असेल तर आठवडाभर थांबून जा. तशी सांगलीला समीक्षकाची सवय आहे. २००८ मध्ये इथे साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष म. द. हातकणंगलेकर होते, इथल्या विलिंग्डन कॉलेजात इंग्रजी शिकवलेले आणि मुळात समीक्षकच. पण गर्दीत बसून समीक्षकाचं भाषण ऐकणं निराळं आणि आपल्याच बाडावर ‘इथे उठलो’ वाचणं निराळं.

कविता ते घेत नाहीत. दुपारी एक ते चार झोपतात, तेव्हा कडी वाजवू नका. आणि पानांवर आकडे घातलेत ना ते घरून निघतानाच बघा. नसतील तर बाड हातातसुद्धा घेत नाहीत, खाली झेरॉक्सच्या दुकानात पेन मागायला पाठवतात.