सुटलेल्या धाग्याने केलेला घात

१८,५०० रुपयांना वीतभरही नाही एवढं कापड घेतलं. घरात खरा आकडा अजून सांगितलेला नाही.

ऑनलाइन जाहिरात होती : ‘फ्रेंडशिप ७’ या अमेरिकी अंतराळयानाचा अस्सल मिशन पॅच (मोहिमेचं चिन्ह असलेला कापडी बिल्ला), अंतराळवीर जॉन ग्लेनच्या अंतराळ-सूटवरून काढलेला, १९६२. सोबत शिक्क्याचं प्रमाणपत्र. पॅचवर पिवळट डाग, कडेचा एक धागा सुटलेला. त्या धाग्यावरच मी भाळलो. (चहाच्या पाण्यात बुडवलं की कुठलंही कापड म्हातारं होतं, हे नंतर सुचलं.) साइटबाहेर पैसे दिले तर दहा टक्के सवलत, असं विक्रेता म्हणाला, म्हणून थेट खात्यात भरले. मूर्खपणा तो हाच.

पॅचशेजारी लावायला २० फेब्रुवारी १९६२चा, उड्डाणाच्या दिवसाचा ग्लेनचा फोटो शोधला. चंदेरी सूट, पण हा पॅच त्यावर कुठेच नाही. असणार कसा? मर्क्युरीच्या, म्हणजे ग्लेनचं उड्डाण ज्यात झालं त्या नासाच्या पहिल्या मानवी मोहिमांच्या काळात मिशन पॅचच नव्हते. नाव यानाला द्यायचे आणि यानावरच रंगवायचे. ‘फ्रेंडशिप ७’चं चित्रकार सेसीलिया बिबी यांनी हाताने रंगवलं होतं. मर्क्युरीचे म्हणून विकले जाणारे पॅच मागाहून हौशी लोकांसाठी निघालेले. रशियात अंतराळवीर तेरेश्कोवाच्या पोशाखावर १९६३ मध्ये पांढरा पक्षी भरलेला होता, पण नासाची प्रथा ऑगस्ट १९६५ मधल्या जेमिनी ५ या मोहिमेपासूनची. अंतराळवीर कूपर आणि कॉनरॅडच्या त्या पॅचवर ताडपत्रीचं छप्पर घातलेली जुनी गाडी होती आणि ‘आठ दिवस, नाहीतर फज्जा’ अशा अर्थाची ओळ. उड्डाण आधीच आटोपलं तर हसं होईल म्हणून नासाप्रमुख जेम्स वेब यांनी ती ओळ कापडाने झाकायला लावली!

हे सगळं विक्रेत्याला लिहिलं. पैसे परत करायचे सोडून त्याने ‘भरपाई’ देऊ केली : अपोलो ११चा पॅच, निम्म्या किमतीत, ‘चंद्रावर चालताना कॉलिन्सच्या सूटवर असलेला’. पॅचवरचा गरुड अपोलो ११चा अंतराळवीर कॉलिन्सने आखला हे खरं, पण चंद्रावर तो उतरलाच नव्हता; वर कक्षेत फिरत होता. शिवाय फोटोत दिसत होतं जाड भरतकाम. जानेवारी १९६७ मध्ये अपोलो १च्या आगीत तिघे गेले, त्यानंतर सूटवरचे पॅच बीटा क्लॉथवर, म्हणजे काचतंतूंच्या न जळणाऱ्या कापडावर छापलेले असत.

एवढं लिहून पाठवल्यावर त्याने मला ब्लॉक केलं. परवा दुसऱ्याच नावाने तोच फोटो दिसला. तेच डाग, तोच सुटलेला धागा. किंमत आता २२,०००.