घरी बनवलेलं टेबल, बाक आणि खणांचं कपाट: केळशीच्या दोन पावसाळ्यांनंतर

टेबल आणि बाक फेब्रुवारी २०२४ मध्ये पुरे झाले, खणांचं कपाट त्याच वर्षी दिवाळीनंतर. टेबलावरून दोन पावसाळे गेले, कपाटावरून एक. कोकणात फर्निचर कसं झालंय ते पाऊस बघितल्याशिवाय सांगता येत नाही, म्हणून इतके दिवस लिहिलं नव्हतं.

लाकूड घरचंच, फणसाचं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मागच्या आगरातला जुना फणस मुळासकट आडवा झाला. सासऱ्यांना तो सरपणात घालवायचा नव्हता. फणस, आंबा, साग, ऐन, किंजळ ही झाडं १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत येतात. हे झाड आपसूक पडलेलं होतं, तरी ओंडके हलवण्याआधी वनखात्यात विचारून कागद करून घेतले. तुमच्याकडे पडलेलं झाड असेल तर हे आधी करा. जानेवारी २०२१ मध्ये गिरणीवर दीड इंची फळ्या पाडल्या आणि पडवीच्या माळ्यावर मध्ये चिपा घालून रचून ठेवल्या. एक इंच जाडीला एक वर्ष सुकवायचं असा सुतारांचा हिशोब. आमच्या फळ्यांना तीन वर्षं मिळाली.

या फर्निचरचा प्लॅन मी विकत घेतला होता. परदेशी, पीडीएफ, अठरा पानांचा. आधी त्याची चांगली बाजू सांगते. प्रत्येक तुकड्याची लांबी-रुंदी एका यादीत, कोणता तुकडा आधी कापायचा आणि कुठला सांधा आधी जोडायचा त्याचा क्रम, आणि सगळे भाग सुटे करून दाखवलेलं एक मोठं चित्र. ते चित्र मी छापून भिंतीला लावलं होतं. मी बँकेत नोकरी करते, हातात पटाशी कधी धरली नव्हती. मला उभं केलं ते त्या चित्राने. प्लॅन नसता तर मी सुरुवातच केली नसती.

अडचण मापांपासूनच सुरू झाली. प्लॅनमध्ये जागोजागी 'दोन बाय चार' लिहिलेलं. अमेरिकेत या नावाची पट्टी प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच असते, रंधून-सुकवून तेवढीच उरलेली. आपल्याकडे गिरणीवर दोन बाय चार सांगितलं की करवतीखालून दोन बाय चारच येतं, आणि रंधा मारल्यावर दोन्ही बाजूंनी मिळून दोन सूत कमी होतं. (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतार अजून त्यातच बोलतात आणि मलाही आता तेच सोपं जातं.) पायांसाठी ऐनाच्या पट्ट्या तशाच कापून आणल्या आणि यादीतल्या मापाने आडव्या पट्ट्या कापल्या, तर चौकट एका अंगाला पाऊण इंच जास्त भरली. दोन पट्ट्या वाया गेल्या. त्यानंतर मी यादीतलं माप थेट कापत नाही. हातातली पट्टी मोजायची, यादीवर पेन्सिलने नवा आकडा घालायचा, मग करवत. गिरणीवरचा हिशोबही शिकून घ्या: जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात, तिघांचा गुणाकार करून १४४ ने भागायचं, म्हणजे घनफूट. दीड इंच जाड, बारा इंच रुंद, पाच फूट लांब फळी म्हणजे ०.६२५ घनफूट. हे येत असलं की गिरणीवर आपला हिशोब आपण पडताळून बघू शकतो.

उंची-रुंदीही मी आमच्या घरापुरती बदलली. प्लॅनमधला बाक १८ इंच उंच आणि १२ इंच रुंद होता, पाय सोडून बसणाऱ्यांसाठी. सासूबाई मांडी घातल्याशिवाय जेवत नाहीत. बाक १६ इंच उंच आणि १९ इंच रुंद केला, आणि त्याच हिशोबाने ३० इंचांचं टेबल २८ वर आणलं. आता त्या त्यावर मांडी घालून बसतात, भाजी निवडतात, दुपारी लवंडतातसुद्धा. पूर्ण कामातला मला सर्वात आवडलेला बदल हाच.

आता मुख्य गोष्ट, पहिला पावसाळा.

प्लॅनमध्ये टेबलाची वरची फळी चौकटीला खालून तिरक्या भोकांतून स्क्रू मारून घट्ट बसवायला सांगितली होती. मी तशीच बसवली. तीन फळ्या रेषेला रेष लावून मरीन फेव्हिकॉलने जोडल्या, क्लॅम्पमध्ये रात्रभर ठेवल्या, रुंदी बरोबर ३४ इंच. मेपर्यंत टेबल इतकं सुरेख दिसत होतं की येणारा-जाणारा हात फिरवून बघायचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आमटीची वाटी एका बाजूला सरकायला लागली. जुलैत टेप लावून बघितलं तर फळी मधून उचललेली, आणि एका कोपऱ्यात पाय आणि आडव्या पट्टीच्या सांध्यात कार्ड जाईल एवढी फट. ती फट बघून मला रडू आलं, खरंच.

गावातले सुतार आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, काम करत नाहीत. त्यांना बोलावलं. टेबल उलटं करून त्यांनी स्क्रूंच्या रांगेवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "तू बांधून घातलंस गो त्याला. पावसात फुगायचं तर जाईल कुठं?"

नंतर मी यावर पुष्कळ वाचलं आणि ओल मोजायचं छोटं मशीन घेतलं. लाकूड लांबीला जवळजवळ वाढत नाही, वाढतं ते रेषेच्या आडवं, म्हणजे रुंदीला. हवेत ६५ टक्के दमटपणा असला की लाकूड साधारण १२ टक्के ओलीवर स्थिरावतं, ९० टक्के असला की २० च्या आसपास जातं. अमेरिकेत घरातलं फर्निचर ६ ते ८ टक्क्यांच्या सुक्या लाकडाचं करतात आणि घरातली हवाही बहुतेक ठिकाणी कोरडी राहते. तिथे ते स्क्रू निभावून जात असतील. माझ्या फळ्या जानेवारीत १३ दाखवत होत्या, ऑगस्टमध्ये १९. दुरुस्ती करताना मी फळी मोकळी केली तेव्हा रुंदी ३४ इंच २ सूत भरली. पाव इंचाची वाढ. ती वाढ कुठेतरी जाणारच. स्क्रूंनी बाजूला जाऊ दिली नाही, म्हणून ती वर गेली आणि जाताना सांधा उघडून गेली.

आजोबांनी दाखवलेली दुरुस्ती त्या अठरा पानांत कुठेच नव्हती. चौकटीच्या आतल्या अंगाला एक खाच पाडायची. अंगठ्याएवढे लाकडी गुटके करायचे, ज्यांचं एक टोक त्या खाचेत सैल बसेल. गुटका स्क्रूने फक्त वरच्या फळीला पकडायचा, चौकटीला नाही. फळी खाली दाबलेली राहते, पण रुंदीला सरकायला मोकळी असते. मधोमध एकच जागा पक्की ठेवायची, म्हणजे वाढ दोन्हीकडे सारखी वाटली जाते. दहा गुटके केले. आजोबा बाकावर बसून सांगत होते आणि पटाशी माझ्या हातात होती. खाचेत गुटका बसवून त्यांनी तो नखाने ढकलून बघितला, सहज हलला तेव्हा मान डोलावली. ऑक्टोबर सरला तशी फळी हळूहळू खाली बसली. उघडलेला सांधा मी खाच आणि कुसू (खाचेत घट्ट बसणारी जीभ) घालून पुन्हा केला. २०२५ च्या पावसाळ्यात टेबल पुन्हा दोन सूत रुंदावलं आणि नाताळापर्यंत परत येईल, पण सांधा बंदच आहे आणि वाटी जागची हलत नाही.

स्क्रू हा इथला दुसरा शत्रू. समुद्र आमच्या घरापासून चालत सात-आठ मिनिटांवर आहे. प्लॅनबरोबर सुचवलेले काळे स्क्रू सहा महिन्यांत गंजले, आणि ऐनाच्या पट्ट्यांवर प्रत्येक डोक्याभोवती निळसर काळा डाग पडला. लोखंड आणि लाकडातलं टॅनिन ओलीत एकत्र आलं की असं होतं. डाग पॉलिश पेपरने जात नाही, खोल असतो. सगळे काढून स्टेनलेस स्टीलचे, ३०४ ग्रेडचे घातले. अगदी किनाऱ्यालगत घर असेल तर ३१६ चे घ्या, महाग असले तरी. आणि आधी ड्रिलने भोक पाडल्याशिवाय फणसात किंवा ऐनात स्क्रू मारू नका. प्लॅन पाइनच्या मऊ लाकडासाठी लिहिलेले असतात, आपल्या लाकडात स्टीलच्या स्क्रूची मान तुटते. माझे चार तुटले.

बाकाच्या कडेला मी फळीची मूळची कड तशीच ठेवली होती, फोटोत तशी छान दिसते म्हणून. फणसाचा पिवळा गाभा चांगला टिकतो, वाळवीही त्याच्या फारशी वाटेला जात नाही, पण बाहेरचं पांढरट लाकूड किडीला आवडतं. पाच महिन्यांनी सकाळी झाडताना बाकाखाली पिठासारखी बारीक भुकटी दिसली. पुसली, दोन दिवसांनी परत. टाचणीच्या टोकाएवढी भोकं होती, सगळी त्या पांढऱ्या पट्टीत. पट्टी गाभ्यापर्यंत कापून काढली आणि जाळली. बाक दीड इंच अरुंद झाला, पण त्यानंतर भुकटी दिसली नाही. पांढरं लाकूड कितीही सुंदर दिसो, ठेवू नका.

रंगाबद्दल मात्र मी फार खूश आहे. फणस नवीन असताना हळदीसारखा पिवळा होता. आता मधासारखा तांबूस झालाय, खिडकीकडच्या अंगाला जरा जास्त. टेबलावरची फुलदाणी हलवली तर खाली पिवळा गोल दिसतो.

पॉलिशला मी आधी बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल लावलं. दिसायला सुंदर, पण पहिल्या श्रावणात टेबलाच्या खालच्या बाजूला हिरवट बुरशीची साय आली. तेलावर ती पोसते. नोव्हेंबरात सगळं घासून पीयूचे (पॉलीयुरेथेन पॉलिशचे) तीन हात दिले, खालून आणि आतूनसुद्धा. प्लॅनमध्ये फक्त वरून द्यायला सांगितलं होतं. एकाच बाजूला पॉलिश असेल तर दुसरी बाजू ओल पिते आणि फळी वाकते. पायांचे तळ उलटे करून, पितील तेवढं पाजलं आणि खाली रबरी बूच लावले, कारण जुलैत आमची लादी घामेजते. कपाटाच्या पाठीला आणि पायांना सासऱ्यांनी डिंबेल, म्हणजे काजूच्या टरफलाचं तेल लावलं, होड्यांना लावायचे तसं. हातमोजे घालूनच लावा, कातडी भाजते. पॉलिशचं कोणतंही काम जून ते सप्टेंबरात करू नका. लाखेचं स्पिरिट पॉलिश तर दमट हवेत पांढरं पडतं. आणि बेलतेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतात. पाण्यात बुडवा किंवा पसरून वाळवा.

खणांच्या कपाटाविषयी थोडक्यात. टेबलाने शिकवल्यामुळे खणांच्या वर प्लॅनमध्ये अर्धा सूत फट सांगितली होती तिथे मी एक सूत ठेवली. चारपैकी तीन खण अख्ख्या पावसात सुरळीत उघडले. सर्वात खालचा गणपतीच्या आदल्या दिवशी अडकला, नेमकी आरास त्यात. मेणबत्ती घासून निघाला. त्याला दीड सूत हवी होती. कपाट चिऱ्याच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून ठेवलंय, मागे हवा खेळते. पाठीला मी आधी साधं एमआर (थोडी ओल सोसणारं) प्लाय लावलं होतं. ते गोकुळाष्टमीच्या सुमारास पापडासारखं फुगून थर सुटले. आता आयएस ७१० (भारतीय मानक) चा शिक्का असलेलं मरीन प्लाय आहे. दुकानात ३०३ दाखवून 'तेच आहे' म्हणतात, पण ३०३ आणि ७१० ही दोन वेगळी मानकं आहेत. शिक्का स्वतः वाचून घ्या.

खर्च, घरचं लाकूड सोडून: हत्यारं १९ हजार (ड्रिल, गोल करवत, सँडर, सहा क्लॅम्प, रंधा, दोन पटाश्या, गुण्या), गिरणीची कापणी आणि टेम्पो साडेचार हजार, बाकी स्क्रू, प्लाय, पॉलिश मिळून आठ हजारांच्या आत. सँडरपेक्षा रंधा जास्त वापरला, कारण पावसात आमच्याकडे वीज वरचेवर जाते.

प्लॅन घ्यावा का? घ्यावा, मी पुन्हा घेईन. फक्त वरची फळी कशी धरली आहे ते पान आधी उघडून बघा. तिथे सरकायची सोय दाखवली नसेल तर ती स्वतः काढून ठेवा, मगच लाकडाला हात लावा. माझ्या छापील प्रतीवर आता छापलेल्या आकड्यांपेक्षा पेन्सिलीचे आकडे जास्त आहेत आणि शेवटच्या कोऱ्या पानावर आजोबांनी काढलेला गुटका आहे, थरथरत्या रेघांचा. शेजारच्या वहिनींना बाक करायचाय, त्यांना मी त्या पानांसकट झेरॉक्स दिली. माळ्यावर अजून पाच फळ्या आहेत. सासऱ्यांसाठी आरामखुर्ची करायची आहे, जानेवारीत मशीन १३ दाखवेल तेव्हा खाली काढीन.