'एक्सएक्स' की 'साउथबाउंड'? कमी खर्चातले दोन भयपट

रात्री एकच सिनेमा पाहायचाय, भयपटच हवाय आणि तोही तीन-चार वेगवेगळ्या गोष्टींचा. अशा वेळी 'एक्सएक्स' (२०१७) आणि 'साउथबाउंड' (२०१५) यांच्यात निवड करायची झाली तर काय बघावं? दोन्ही इंग्रजीत आहेत, दोन्ही कमी पैशांत बनलेत. पहिला ८० मिनिटांचा, दुसरा जेमतेम ९० मिनिटांचा. दोन्हींमध्ये एक नाव सारखं आहे, रॉक्सॅन बेंजामिन.

'व्हीएचएस' (२०१२) या भयकथासंग्रहाच्या निर्मात्यांमध्ये ती होती. त्या सिनेमाचे सगळे दिग्दर्शक पुरुष होते आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींत बाई एक तर सावज असते, नाही तर सापळा. 'साउथबाउंड'मध्ये बेंजामिन दिग्दर्शक झाली, पण तिथेही दिग्दर्शकांमध्ये बाई ती एकटीच. 'एक्सएक्स'मध्ये मात्र चारही गोष्टी बायकांनी दिग्दर्शित केल्यात. त्या गोष्टींना जोडणारे बाहुल्यांचे तुकडेही मेक्सिकोच्या सोफिया कारिल्यो हिने स्टॉप-मोशनमध्ये, म्हणजे वस्तू थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपत, केलेत. जुन्या बाहुल्या, किडे, पाय फुटून चालणारं बाहुलीघर, असं सगळं त्यात आहे. ते तुकडे गोष्टींशी थेट जुळत नाहीत, पण मला ते काही गोष्टींपेक्षा जास्त आवडतात.

'एक्सएक्स'ची पहिली गोष्ट 'द बॉक्स' जोव्हांका वुकोविचची. नाताळचे दिवस, ट्रेनमध्ये शेजारी बसलेल्या माणसाच्या हातात लाल खोका. लहान मुलगा आत काय आहे ते विचारतो, माणूस झाकण उचलून दाखवतो. त्या दिवसापासून मुलगा जेवत नाही. रडत नाही, हट्ट करत नाही, नुसतं 'भूक नाही' म्हणतो. मूळ कथा जॅक केचमची. ती वडील सांगतात; वुकोविचने ते काम आईला दिलं, आणि या एका बदलाने गोष्टीचा भार वेगळ्याच जागी जातो. मूल जेवत नाही म्हटलं की घरातल्या सगळ्यांच्या नजरा आईकडे वळतात, आणि इथली आई मुळात थोडी अलिप्त आहे. नवरा चिडतो, ती शांत राहते, आणि ती शांत का, हा प्रश्न खोक्यापेक्षा जास्त छळतो. खोक्यात काय होतं ते कळलंच पाहिजे असं ज्यांना वाटतं, त्यांना ही गोष्ट चिडवेल. जेवताना ताटावर अडून बसणाऱ्या लहान मुलांचे आईबाप असाल तर जरा विचार करून बघा; जेवणाच्या टेबलावरचं एक स्वप्नदृश्य फार जड आहे.

दुसरी गोष्ट संगीतकार अॅनी क्लार्क, म्हणजे सेंट व्हिन्सेंट हिची, दिग्दर्शनातली पहिलीच. मुलीच्या वाढदिवसाच्या सकाळी घरात नवरा मेलेला सापडतो आणि आई पार्टी मोडू न देता प्रेत लपवत फिरते. आई झालेल्या मेलनी लिन्स्कीचा चेहरा आणि कानात टोचणारे आवाज यांवरच ती उभी आहे. भीती वाटणार नाही, घुसमट वाटेल.

तिसरी बेंजामिनची 'डोन्ट फॉल': वाळवंटात फिरायला गेलेले चौघे, खडकावरची जुनी चित्रं, मग राक्षस. नेहमीची वाट, लवकर संपते.

आणि शेवटी कॅरिन कुसामा. एकटीने वाढवलेला मुलगा अठरा वर्षांचा होणार आहे, दिवसेंदिवस क्रूर होतोय, आणि शाळेपासून टपालवाल्यापर्यंत सगळे त्याला पाठीशी घालतात. 'रोझमेरीज बेबी' या जुन्या भयपटातलं सैतानाचं मूल मोठं झालं तर त्याच्या आईने काय केलं असतं, हा विचार त्यामागे स्पष्ट दिसतो. क्रिस्टिना कर्कने ही आई दमलेली, पण मागे न हटणारी केली आहे. मुलगा कोणाचा, बापाचा की जिने खस्ता खाल्ल्या तिचा, हा वाद कुसामा भुताखेतांच्या भाषेत मांडते. सगळ्या सिनेमात ही गोष्ट सर्वांत पक्की आहे.

'साउथबाउंड'चा डाव वेगळा. एकच ओसाड हायवे, एका गोष्टीतलं पात्र रस्ता ओलांडून पुढच्या गोष्टीत शिरतं आणि शेवट सुरुवातीला येऊन मिळतो. सगळे कुठल्या ना कुठल्या अपराधाचं ओझं घेऊन निघालेत. डेव्हिड ब्रकनरच्या गोष्टीत गाडीखाली आलेल्या मुलीला घेऊन एक माणूस रिकाम्या इस्पितळात पोहोचतो आणि फोनवरचे आवाज त्याला काय करायचं ते सांगत राहतात. पोट डचमळवणारा, नेमका भयपट कसा करावा, ते तिथे दिसतं. बेंजामिनची गोष्टही इथेच जास्त चांगली आहे: तिघी गायिकांची गाडी पंक्चर होते, एक फार प्रेमळ जोडपं त्यांना घरी नेतं आणि रात्रीच्या जेवणातलं मांस तिघींपैकी एकच नाकारते. आजूबाजूच्या गोष्टींचा आधार मिळाल्यावर बेंजामिनचं काम नेटकं होतं, 'एक्सएक्स'मध्ये सुटं पडल्यावर ते पातळ वाटतं.

एकसंधपणात 'साउथबाउंड' सरळ पुढे आहे. मित्रमंडळींसोबत बसून दचकायचं असेल तर तोच लावा. 'एक्सएक्स' दिवाळी अंकातल्या गूढकथांसारखा: प्रत्येकीचा सूर निराळा, एखादी फसलेली, एखादी आठवडाभर मनातून न जाणारी. पण 'साउथबाउंड' पाहताना मला रस्त्याची भीती वाटली, 'एक्सएक्स' पाहताना स्वयंपाकघराची, आणि दुसरी भीती पडद्यावर फार कमी वेळा येते. म्हणून एकट्याने पाहणाऱ्याला मी 'एक्सएक्स'च सुचवेन.

हिंदीतच हवं असेल तर नेटफ्लिक्सवरचा 'घोस्ट स्टोरीज' (२०२०) आहे. चार दिग्दर्शकांत झोया अख्तर ही एकच बाई, आणि तिच्या गोष्टीत अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीच्या भूमिकेत सुरेखा सिक्री आहेत. पूर्ण सिनेमा जवळपास अडीच तासांचा आहे. तेवढा वेळ नसेल तर ती एक गोष्ट पाहिली तरी चालेल.

'एक्सएक्स'साठीही ८० मिनिटं नसतील तर 'द बॉक्स' पाहा आणि थेट कुसामाच्या गोष्टीवर जा. मधले बाहुल्यांचे तुकडे मात्र पुढे पळवू नका.