‘एक किलोमीटरवरून पकडतो’ म्हणून घेतलेला काउंटर

हातात धरायचा आरएफ फ्रिक्वेन्सी काउंटर (रेडिओ सिग्नलची फ्रिक्वेन्सी मोजून आकड्यात दाखवणारं यंत्र) घ्यायचा विचार असेल, तर पैसे मोजण्याआधी एवढं वाचा. 5 वॉटच्या वॉकी-टॉकीचा सिग्नल हा काउंटर एक किलोमीटरवरून पकडतो, असं विक्रेत्याने मला छातीठोकपणे सांगितलं होतं. माझ्यासमोर हातभर अंतरावर वॉकी-टॉकीचा सेट धरून त्याने बोलायचं बटण दाबलं, काउंटरच्या स्क्रीनवर 145.500 मेगाहर्ट्झ झळकलं आणि मी पैसे दिले.

दुसऱ्या दिवशी मित्राला सेट घेऊन चालत लांब जायला सांगितलं. चाळीसेक पावलांपर्यंत आकडा पक्का होता. पुढे शेवटचे अंक थरथरू लागले, मग सगळाच आकडा भरकटला. मित्राने बटण सोडलं तरी आकडे पळतच होते! सिग्नल नसताना असे बरेच काउंटर स्वतःच्याच गोंगाटावर काहीतरी मोजत बसतात. त्याच पळत्या आकड्यांकडे बोट दाखवून विक्रेता मला म्हणाला होता, “बघा, हवेतलं सगळं पकडतोय.”

तक्रार केली तर म्हणाला, लांब अँटेना लावा. तीही त्याच्याकडूनच घेतली, आणि रेंज उलट घटली. याचा मला खरा राग आहे, कारण हे यंत्र विकणाऱ्याला कारण माहीत असायलाच हवं. रेडिओ हवा तो चॅनल निवडून बाकीचे गाळतो. त्याला मायक्रोव्होल्टचा अंशही पुरतो. काउंटरला बहुधा मिलिव्होल्टच्या घरात सिग्नल लागतो आणि तो निवड करत नाही, अँटेनातून येणाऱ्या गर्दीत जो सगळ्यात जोरात असेल त्यालाच मोजतो. लांब अँटेनाने 88 ते 108 मेगाहर्ट्झमधली एफएम केंद्रं आत ओढली आणि मित्राचा सेट त्यांच्याखाली दबून गेला. 145 मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या मीटरची अँटेना पुरते.

एक किलोमीटरच्या दाव्याचा हिशेबही करून बघा. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या मैदानातसुद्धा सिग्नलची शक्ती चौथ्या हिश्शावर येते. पाऊल मीटरभराचं धरलं तरी चाळीस पावलांवरून हजार पावलांवर जायचं तर 625 पट शक्ती हवी, म्हणजे 5 वॉटऐवजी 3125 वॉट. तेवढी ताकद हातातल्या सेटमध्ये कुठून येणार?

विक्रेत्याने ना पैसे परत केले, ना अँटेना परत घेतली. तुम्ही घ्यायला जाल तेव्हा सोबत कुणाला तरी न्या, त्याला सेट घेऊन लांब चालत जाऊ द्या आणि मध्येच बटण सोडायला सांगा. त्या क्षणी स्क्रीन काय दाखवते ते स्वतः बघा.